भिंतीत चिणलेली देवळं

इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळाच्या पहिल्या महाद्वारातून आत शिरलं की उजव्या हाताला, द्वाराच्या पाठीला टेकलेला कच्च्या विटांचा एक उंच ढीग दिसतो. झिजलेला, कडा ढासळलेल्या, मातीच्याच रंगाचा. बहुतेक गट त्याच्याकडे न बघता पुढं जातात, कारण समोर दुसरं महाद्वार असतं आणि त्याच्यापलीकडे खांबांचा तो जगप्रसिद्ध मंडप. आमच्या गाईड बाईंनी मात्र सगळ्यांना आधी त्या ढिगापाशी नेलं. दगड वर चढवण्यासाठी रचलेला हा उतार आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, बहुधा नेक्तानेबो पहिल्याच्या राजवटीत, ११३ मीटर रुंदीचं हे महाद्वार बांधायला घेतलं आणि ते पुरं झालंच नाही. शेजारच्या ओवरीतला एक खांब तर तासायचाही राहिला आहे, ओबडधोबड ठोकळे तसेच एकावर एक चढलेले. काम थांबलं, तसा उतारही काढायचा राहून गेला. एवढाले दगड त्या लोकांनी वर नेले तरी कसे, हे कोडं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचं एक उत्तर इथं उघड्यावर उभं आहे, हात लावण्याइतकं जवळ.

लक्सरच्या पूर्व तीरावरची ही अर्ध्या दिवसाची फेरी नाईलच्या सहलींमध्ये ठरलेलीच असते. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेतही ती सापडते. आधी कर्नाक, मग तीन किलोमीटरवरचं लक्सर मंदिर आणि दुपारच्या जेवणाला परत बोटीवर. दोन हजार वर्षं बांधत राहिलेल्या जागेला एक सकाळ कशी पुरावी, म्हणून लोक हळहळतात. पुरत नाहीच. पण सगळं बघायचा हट्ट सोडून एखादाच प्रश्न धरून फिरलं, तर एका सकाळीतसुद्धा पुष्कळ हाती लागतं. आमच्या गटाला तो प्रश्न एका निवृत्त शिक्षिका काकूंनी मिळवून दिला. पहिल्या अंगणात त्या उभ्या राहिल्या, चहूकडे बघितलं. तहारका या न्युबियन राजाच्या मंडपाचा एकच खांब तिथं आता पूर्ण उंचीनं उभा आहे. काकूंनी विचारलं, "मॅडम, एवढं सगळं पाडलं कुणी?"

"ज्यांनी बांधलं, बरंचसं त्यांनीच," गाईड बाई म्हणाल्या. "चला, दाखवते."

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कर्नाकमध्ये दहा महाद्वारं आहेत. दोन बाजूंना वर निमुळते होत गेलेले दगडी बुरूज आणि मधोमध दार, अशी त्यांची ठेवण. सहा पश्चिमेकडून पूर्वेकडे, चार दक्षिणेच्या वाटेवर. अभ्यासकांनी पश्चिमेकडच्या सहांना बाहेरून आत क्रमांक दिले, पण देवळाची वाढ झाली ती आतून बाहेर. त्यामुळे पहिलं महाद्वार सर्वांत नवं. दुसरं होरेमहेबचं, तिसरं आमेनहोतेप तिसऱ्याचं, चौथं-पाचवं थुटमोस पहिल्याचं, सहावं तेवढं नंतरच्या थुटमोस तिसऱ्याचं. आपण गाभाऱ्याकडे चालतो तसतशी शतकं मागं सरकत जातात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या महाद्वारांच्या मध्ये खांबांचा मंडप आहे. १३४ खांब, सुमारे पाच हजार चौरस मीटर जागा. मधल्या वाटेवरचे बारा खांब २१ मीटर उंच, त्यांच्या माथ्यावर उमललेली पपायरसची फुलं. बाजूचे १२२ खांब त्याहून ठेंगणे आणि त्यांच्यावर मिटलेल्या कळ्या. या उंचीच्या फरकातून, दोन छपरांच्या मधल्या फटीत दगडी जाळीच्या खिडक्या बसवल्या होत्या आणि आतल्या अंधारात उजेड यायचा तो तेवढाच. आज छप्पर नाही, ऊन थेट फरशीवर पडतं. तरीही खांबांच्या वरच्या भागात, तुळयांच्या खालच्या बाजूला, जिथं ऊन पोचत नाही तिथं निळा, तांबडा, पिवळा रंग अजून टिकून आहे.

हा मंडप सेती पहिल्यानं उभारला आणि त्याचा मुलगा रामसेस दुसऱ्यानं पुरा केला, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात. बापलेकांची कामं वेगळी ओळखता येतात आणि त्यासाठी अभ्यासक असावं लागत नाही. उत्तरेकडच्या अर्ध्यात सेतीची चित्रं आहेत. आजूबाजूचा दगड तासून काढून आकृती वर उठवलेली, कडा नाजूक, चेहरे शांत. दक्षिणेच्या अर्ध्यात रामसेसनं आकृती दगडात खोल कोरून घेतल्या. हे काम लवकर उरकतं, सावली गडद पडते, आणि खोल कोरलेलं नाव पुढच्या राजाला खोडणं सोपं जात नाही. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा होता. इथं प्रत्येक राजाला आपल्या आधीच्यांच्या नावांचं काय झालं ते रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. मला स्वतःला सेतीची बाजू अधिक आवडते. घाईच्या फेरीतही उत्तरेच्या भिंतीपाशी दहा मिनिटं द्यावीत असं मी आग्रहानं सांगेन.

मंडपाच्या दक्षिणेला एका अंगणाच्या भिंतीवर रामसेस दुसऱ्यानं हित्ती राजा हत्तुसिली तिसऱ्याशी केलेला तह कोरलेला आहे, इसवी सनापूर्वी १२५९ च्या सुमाराचा. याच तहाची हित्तींकडची प्रत, मातीच्या पाटीवर लिहिलेली, १९०६ मध्ये तुर्कस्तानात बोआझकोय इथं सापडली. दोन शत्रूंनी केलेला करार दोन्ही बाजूंच्या शब्दांत हाती यावा, हे प्राचीन इतिहासात फार क्वचित घडतं. सहलीच्या गर्दीत ही भिंत सहसा सुटते. गाईडला आवर्जून विचारा.

आता काकूंचा प्रश्न. तिसरं महाद्वार आज खचलेलं दिसतं, मंडपाच्या मागं एक जाड, अर्धवट भिंत. आमेनहोतेप तिसऱ्यानं ते उभारलं तेव्हा पोटात भरायला दगड लागले आणि ते दूरच्या खाणीतून आणायची गरज नव्हती. आधीच्या राजांची देवळं शेजारीच होती. ती उतरवली आणि आत घातली. १९२०च्या दशकात आंरी शेवरिए या फ्रेंच वास्तुतज्ज्ञानं महाद्वाराची दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा पोटातून एकेक चिरा निघू लागला. चुनखडीचे हे चिरे सेनुस्रेत पहिल्याच्या एका छोट्या देवळाचे होते, इसवी सनापूर्वी विसाव्या शतकातले. शेवरिएनं ते जुळवले आणि १९३०च्या दशकात देऊळ पुन्हा उभं राहिलं. त्याला श्वेत मंदिर म्हणतात. कर्नाकच्या आवारातच, उत्तरेकडच्या खुल्या संग्रहालयात ते आहे. अर्ध्या दिवसाच्या फेरीत तिकडं नेत नसतील, तर वीस मिनिटं मागून घ्यावीत. लहानसं आहे, दोन्ही बाजूंनी उतरत्या पायऱ्या, चौकोनी खांब आणि त्यांच्यावरची चित्रलिपी इतकी बारीक की पक्ष्याच्या पंखातली पिसं मोजावीत. खालच्या पट्टीवर इजिप्तच्या प्रांतांची यादी आहे, त्यांच्या मोजमापांसकट.

हे देऊळ जागच्या जागी राहिलं असतं तर? त्याचं उत्तर आणखी आत, सहाव्या महाद्वारापलीकडे आहे. सेनुस्रेतच्या काळातलं मूळ मंदिर, कर्नाकचा सर्वांत जुना गाभा, जिथं होता तिथं आज मोकळं मैदान आहे. उंबऱ्याचे काही ग्रॅनाइटचे दगड तेवढे उरले. चुनखडी लोकांनी उचलून नेली आणि भट्टीत घालून तिचा चुना केला. उघड्यावर राहिलेलं सेनुस्रेतचं मोठं देऊळ गेलं आणि दुसऱ्या राजानं चिणून टाकलेलं छोटं देऊळ वाचलं. काकू त्या मैदानाच्या कडेला बराच वेळ उभ्या राहिल्या.

चौथ्या आणि पाचव्या महाद्वारांच्या मध्ये राणी हत्शेपसूतचा ओबेलिस्क, म्हणजे निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ आहे. एकसंध ग्रॅनाइटचा, साडेएकोणतीस मीटर उंच, तीनशे टनांहून जड, इजिप्तमध्ये आज उभ्या असलेल्यांत सर्वांत उंच. असवानच्या खाणीतून जोडीचं काम सात महिन्यांत पुरं झालं, असं तिनं त्याच्या पायथ्याशी कोरून ठेवलं आहे. जोडीतला दुसरा पडला, त्याचं टोक पवित्र तलावाजवळ आडवं ठेवलेलं आहे. उभ्या ओबेलिस्ककडे जरा लांबून बघितलं की खालच्या आणि वरच्या भागांचा रंग वेगळा दिसतो. हत्शेपसूतनंतर थुटमोस तिसऱ्यानं दोन्ही ओबेलिस्कभोवती दगडी भिंती घालून खालचा बराच भाग झाकून टाकला. हे सूडानं केलं की त्या दालनाचं छप्पर बदलताना करावं लागलं, यावर अभ्यासकांचे दोन पक्ष आहेत. राणीच्या प्रतिमा आणि नावं इतर ठिकाणी कशी तासून काढली आहेत ते बघितल्यावर माझा कल पहिल्या पक्षाकडे जातो, पण पुरावा निर्णायक नाही. परिणाम मात्र स्पष्ट दिसतो. पुढं अखनातेन या राजानं कर्नाकच्या आमुन देवाचं नाव देशभरातून खोडून काढायला माणसं पाठवली. ओबेलिस्कच्या उघड्या भागावरच्या आमुनच्या आकृतींवर त्यांच्या छिन्न्या चालल्या आणि सेतीच्या काळात त्या पुन्हा कोराव्या लागल्या. भिंतीआड असलेल्या भागाला छिन्नी लागलीच नाही.

अखनातेनचं स्वतःचं काय झालं, हेही इथंच कळतं. राजधानी अमार्नाला हलवण्याआधी त्यानं कर्नाकच्या पूर्वेला सूर्यबिंबाची, आतेनची मंदिरं बांधली. काम झपाट्यानं व्हावं म्हणून त्यानं एका माणसाला उचलता येतील असे लहान चिरे वापरले, सुमारे अर्धा मीटर लांब. त्याच्यानंतर ती मंदिरं उतरवली गेली आणि होरेमहेबनं हे चिरे आपल्या महाद्वारांच्या पोटात हजारोंनी भरले. चिरे लहान, त्यामुळे भरायलाही सोयीचे. दुसऱ्या, नवव्या आणि दहाव्या महाद्वारातून ते विसाव्या शतकात बाहेर आले तेव्हा प्रत्येकावर चित्राचा एखादा तुकडाच होता, कुठं हात, कुठं घोड्याचं तोंड, कुठं सूर्याच्या किरणाचं टोक. १९६६ मध्ये रे विनफील्ड स्मिथ या अमेरिकन माणसानं पस्तीसेक हजार चिऱ्यांची छायाचित्रं घेऊन ती संगणकाच्या मदतीनं जुळवायला सुरुवात केली. पुरातत्त्वात संगणक वापरण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. त्यातून कळलं की या मंदिरांत राणी नेफर्टिटी स्वतः देवाला नैवेद्य दाखवताना वारंवार कोरलेली होती, राजा सोबत नसतानाही. जिचा मागमूस राहू नये म्हणून ही चित्रं पोत्यात भरल्यासारखी भिंतीत कोंबली, तिच्या अधिकाराचा इतका भक्कम पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळाला असता. जुळवलेली एक भिंत लक्सरच्या संग्रहालयात आहे.

पुरलेलं सगळंच द्वेषानं पुरलं होतं असं मात्र नाही. सातव्या महाद्वारासमोरच्या अंगणात १९०३ मध्ये जॉर्ज लग्रँ या पुरातत्त्वज्ञाला एक प्रचंड खड्डा लागला. पुढची काही वर्षं तिथून दगडाचे सातशेच्या वर पुतळे आणि ब्राँझच्या सुमारे सतरा हजार मूर्ती निघाल्या. देवळात शतकानुशतकं भाविकांनी आणि अधिकाऱ्यांनी अर्पण केलेल्या मूर्तींची गर्दी झाली, तेव्हा पुजाऱ्यांनी त्या आवाराबाहेर न टाकता देवाच्याच जमिनीत ठेवल्या. खणताना खड्ड्यात पाणी भरत होतं, मजूर कमरेएवढ्या चिखलात उभे राहून हातांनी चाचपत पुतळे शोधत. आज कैरोच्या संग्रहालयात कर्नाकचे म्हणून जे पुतळे दाखवतात, त्यांतले कितीतरी त्या चिखलातून वर आले.

याच लग्रँवर त्याआधी एक मोठं संकट आलं होतं. ३ ऑक्टोबर १८९९ रोजी मंडपातले अकरा खांब कोसळले. त्यानं ते पुन्हा उभे केले आणि त्यासाठी मातीचे भराव घालून, त्यांवरून चिरे ओढत वर नेले. पहिल्या महाद्वारामागचा तो विटांचा उतार विसाव्या शतकाच्या तोंडावर पुन्हा कामाला आला, असंच म्हणायला हवं.

आजचा धोका वेगळा आहे आणि तो खालून येतो. १९७० मध्ये असवानचं मोठं धरण पुरं झालं, नाईलचा वार्षिक पूर थांबला, शेतीला बारमाही पाणी मिळू लागलं आणि जमिनीतल्या पाण्याची पातळी चढली. हे पाणी वालुकाश्मात वर झिरपतं, सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं आणि क्षाराचे स्फटिक दगडाच्या कातडीखाली फुगून ती सोलून काढतात. खांबांच्या पायथ्याशी पांढरी पुटं आणि खपल्या दिसल्या तर त्या याच. या शतकाच्या पहिल्या दशकात कर्नाक आणि लक्सर या दोन्ही देवळांभोवती पाण्याची पातळी उतरवण्यासाठी चर खणून पंप बसवले. ते कुणाला दाखवत नाहीत. माझ्या मते दाखवायला हवेत, कारण देऊळ आज उभं आहे ते त्यांच्याही जोरावर.

कर्नाकहून लक्सर मंदिराकडे बसनं पाच-सात मिनिटं लागतात. पूर्वी या वाटेनं देव जायचा. ओपेतच्या उत्सवात आमुन, त्याची पत्नी मूत आणि मुलगा खोन्सू यांच्या मूर्ती लाकडी नावांत ठेवून, त्या नावा खांद्यावर घेऊन पुजारी निघत. थुटमोस तिसऱ्याच्या काळात हा उत्सव अकरा दिवस चाले, रामसेस तिसऱ्याच्या काळात सत्तावीस. हत्शेपसूतनं वाटेवर सहा मुक्काम बांधले होते. पुजाऱ्यांच्या खांद्यावरून निघालेली, ठरल्या मुक्कामांवर विसावणारी, दुसऱ्या देवळात पोचून परत फिरणारी ही स्वारी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

नेक्तानेबोनं या वाटेच्या दोन्ही अंगांना स्फिंक्स बसवले. हा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा मार्ग उकरून काढून २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मोठ्या समारंभानं खुला केला गेला. त्यावर लक्सर शहर उभं होतं. घरं, दुकानं, प्रार्थनास्थळंसुद्धा हटवावी लागली. मार्ग बघताना ऊर भरून येतो हे खरं, आणि सरळ रेषेत दूरवर जाणारी ती रांग बघून कुणालाही वाटेल की हे व्हायलाच हवं होतं. पण सबंध सकाळ थरांवर थर बघत आल्यावर मला हा सफाईदार मार्ग अस्वस्थ करून गेला. फराओंच्या थरापर्यंत जाण्यासाठी मधल्या दीड-दोन हजार वर्षांचा शहराचा थर काढला गेला आणि त्यातलं काहीही कुठल्या महाद्वाराच्या पोटात जपलं जाणार नाही.

लक्सर मंदिराच्या दारात रामसेस दुसऱ्याचा एकच ओबेलिस्क आहे. जोडीदार पॅरिसच्या प्लास द ला कोंकोर्दमध्ये. इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली यानं तो फ्रान्सला भेट दिला आणि २५ ऑक्टोबर १८३६ रोजी तो तिथं उभा राहिला. उरलेल्यावरही फ्रान्सचा हक्क होता, तो १९८१ मध्ये औपचारिकपणे सोडण्यात आला. आत आमेनहोतेप तिसऱ्याचं प्रशस्त अंगण. १९८९ मध्ये त्याच्या फरशीखाली २६ मूर्ती सापडल्या, पुन्हा तीच गोष्ट, देवाच्या जमिनीत जपून ठेवलेल्या. त्याच्या मागच्या दालनात इसवी सन ३००च्या सुमारास रोमन सैन्यानं आपल्या छावणीचं पूजास्थळ केलं, आमेनहोतेपच्या कोरीव भिंतींना गिलावा दिला आणि त्यावर सम्राटांची चित्रं रंगवली. जिथं गिलावा गळला आहे तिथं रोमन पायघोळ वस्त्राच्या शेजारी आमुनचा गुडघा दिसतो. अमेरिकन संशोधन केंद्राच्या पुढाकारानं ही चित्रं या शतकात साफ झाली. एकोणिसाव्या शतकात काजळीखाली ती ख्रिस्ती संतांची समजली जात असत.

रोमन अंमलातल्या इजिप्तशी आपला संबंध होता, तो इथून फार दूर नाही. लक्सरच्या उत्तरेला कोप्तोस, आजचं किफ्त, हे गाव आहे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उतरलेला हिंदुस्थानचा माल वाळवंट ओलांडून तिथं नाईलला लागायचा. पहिल्या शतकात इजिप्तच्या एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये कल्याण आणि सोपारा ही नावं येतात. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदुस्थानी साग भरपूर सापडला. जहाजं मोडली की त्यांचं लाकूड तिथले लोक इमारतींना वापरत.

फेरीचा शेवट रामसेसच्या अंगणात झाला. तिथं मान वर करावी लागते. खांबांच्या माथ्याच्या उंचीवर अबूल हगाग या तेराव्या शतकातल्या सूफी संताची मशीद आहे, आणि तिचं जुनं दार अंगणाच्या फरशीपासून कितीतरी उंच, हवेत उघडतं. मशीद बांधली तेव्हा जमीन तिथं होती. देऊळ गाळात आणि घरांच्या मातीत बुडालं होतं, त्यावर वस्ती होती. १८६०च्या दशकात ल्यूसी डफ गॉर्डन ही इंग्रज लेखिका देवळाच्याच माथ्यावरच्या घरात राहत होती. १८८०च्या दशकात गास्तों मास्पेरोनं खोदकाम सुरू केलं तेव्हा वस्ती हटली, मशीद राहिली. दरवर्षी शाबान महिन्यात इथं उरूस भरतो आणि मिरवणुकीत नावा निघतात. ओपेतच्या नावांशी त्यांचं नातं आहे की नाही यावर वाद आहे.

काकूंनी विचारलं, मशिदीत जाता येतं का. गाईड बाई म्हणाल्या, दार दुसऱ्या बाजूला, शहराकडे आहे आणि तिकीट लागत नाही. बस सुटायला वेळ होता, आम्ही काही जणी डोक्यावर ओढण्या घेऊन गेलो. आत दुरुस्ती करताना गिलाव्याखाली रामसेसच्या देवळाचे खांब आणि त्यांवरची चित्रलिपी निघाली होती. ती पुन्हा झाकली नाही. नमाजाच्या दालनात ते खांब आज तसेच उघडे आहेत, आणि छत त्यांनीच पेललं आहे.